स्कॉटलंड मंत्र्यांना खुलं पत्र: जनगणनेत 'स्कॉटिश' आणि 'ब्रिटिश' या दोन्ही चौकोनांवर खूण करणारी माणसं कुठे गेली?

प्रति,
माननीय स्कॉटलंड मंत्री,
युनायटेड किंगडम सरकार,
डोव्हर हाउस, व्हाइटहॉल, लंडन

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते आहे की गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न अजूनही ठरलेला असतो: "काय म्हणतात तुमचे इंग्रज?" ग्लासगोत राहून याचं उत्तर काय द्यायचं? इथे इंग्रज शोधावे लागतात. पण दोष आमच्या भाषेच्या जुन्या सवयीचा आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, तिघंही स्कॉटिश. आम्ही तिघांनाही 'इंग्रज' या एकाच खात्यात जमा केलं आणि मोकळे झालो.

माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं. असई तिथून फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. शाळेत आम्ही 'इंग्रज जिंकले' एवढंच घोकलं. इथे आल्यावर शेजारच्या आजींनी चहाला बोलावलं, गाव विचारलं, आणि मी असईचं नाव घेताच त्या उठून बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आल्या. त्यात त्यांच्या सासऱ्यांचा टोपीवरचा बिल्ला होता, हायलँड लाइट इन्फन्ट्रीचा. मधोमध बिगूल, वर मुकुट, खाली पट्टीवर 'असई' अशी इंग्रजी अक्षरं, आणि तळाशी चक्क हत्ती. असईला लढलेली ७४वी हायलँड पलटण १८८१ मध्ये या ग्लासगोच्या रेजिमेंटमध्ये सामील झाली, तिच्याबरोबर आमच्या गावाकडचा हत्तीही आला. त्या लढाईत तिची निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली होती. मी बिल्ला हातात धरून बराच वेळ गप्पच होते. कुणाच्या बाजूने वाईट वाटून घ्यावं तेच कळेना.

हा बिल्ला जपणाऱ्या आजींनी १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडने युनायटेड किंगडमपासून स्वतंत्र व्हावं, या बाजूने मत दिलं. मीही त्यांच्याबरोबरच केंद्रावर गेले होते. तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता, पण राष्ट्रकुलातली रहिवासी म्हणून मला मताचा हक्क होता. मी 'नाही' म्हटलं. कारण काही उदात्त नव्हतं. माझा व्हिसाचा अर्ज लंडनच्या सरकारकडे होता आणि उद्या तो कुणाच्या टेबलावर जाईल ही धास्ती होती. परतताना दोघींनी एकमेकींना मत सांगितलं, आजींनी मला 'भित्री' म्हटलं आणि वाटेत चिप्स घेऊन दिल्या. त्या दिवशी ८४.६ टक्के मतदान झालं. ५५.३ टक्के 'नाही', ४४.७ टक्के 'हो'.

आता मुद्द्याचं. २०११ च्या जनगणनेत राष्ट्रीय ओळख विचारल्यावर स्कॉटलंडमधल्या ६२.४ टक्के लोकांनी 'फक्त स्कॉटिश' म्हटलं, ८.४ टक्क्यांनी 'फक्त ब्रिटिश', आणि १८.३ टक्क्यांनी या दोन्ही चौकोनांवर खूण केली. २०२२ मध्ये 'फक्त स्कॉटिश' ६५.५ झाले, 'फक्त ब्रिटिश' १३.९. आणि दोन्ही म्हणणारे? ८.२. अकरा वर्षांत निम्म्याहूनही कमी.

आपल्या पक्षातले आणि विरोधातले लोक यातला आपापला आकडा उचलून पळतात. मला तिसऱ्या आकड्याची काळजी वाटते, कारण तो घटताना मी पाहिला आहे. २०२२ चा फॉर्म मुख्यतः ऑनलाइन होता, म्हणून आजींचा मीच माझ्या लॅपटॉपवर भरला. राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न आला. लागू असेल त्या सगळ्यांवर खूण करा, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. 'स्कॉटिश' झाल्यावर मी 'ब्रिटिश'कडे बाण नेला, तर आजींनी माझं मनगट धरलं. मागच्या वेळी त्यांनी दोन्हींवर खूण केली होती. म्हणाल्या, "आता नको. मोजतील आणि म्हणतील, बघा, ही आमच्या बाजूची."

मंत्रिमहोदय, सार्वमताची मतपेटी बंद ठेवली की लोक जनगणनेच्या फॉर्मवर मत देतात, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे. एका म्हातारीच्या मनगटावरून मी फार मोठा निष्कर्ष काढते आहे असं तुमचे अधिकारी म्हणतील. म्हणोत. पण 'फक्त ब्रिटिश' असं म्हणणारेही वाढलेच ना? तिकडेही कुणीतरी मनगट धरलंच असणार.

खरं तर ओळख आणि मत यांचा इतका सरळ हिशेब कधी नव्हताच. २०११ मध्ये बासष्ट टक्के 'फक्त स्कॉटिश' होते, तरी तीन वर्षांनी 'हो' पंचेचाळीसच्या आतच राहिलं. आणि 'हो'वाल्यांच्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेत स्वतंत्र स्कॉटलंडलाही राणी तीच होती, पौंडही तोच होता. शेजारधर्म मोडायचा कुणाचाच विचार नव्हता. एडिनबरोतल्या राष्ट्रवादी मंडळींनाही माझं सांगणं आहे की दर निवडणुकीला स्कॉटिशपणाची बेरीज करून ती स्वातंत्र्याची मतं म्हणून दाखवू नका. आजींना भीती घातली त्यात तुमचाही वाटा आहे.

पण दाराची किल्ली त्यांच्याकडे नाही, ती तुमच्या सरकारकडे आहे. २०१२ मध्ये दोन्ही सरकारांनी एडिनबरोत करार केला आणि कायदेशीर सार्वमत झालं. पुन्हा सार्वमत मागितल्यावर २०१७ मध्ये लंडनने 'ही वेळ नव्हे' म्हटलं, २०२० मध्ये पुन्हा नकार दिला. २३ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसद सार्वमताचा कायदा करू शकत नाही. न्यायालयाबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी कायदा वाचून दाखवला. पण मग ही वेळ येते तरी कधी, हे कुठल्या कागदावर लिहिलं आहे?

उत्तर आयर्लंडसाठी लिहिलं आहे. १९९८ च्या कायद्यानुसार तिथल्या बहुमताचा कल आयर्लंडशी एकत्र येण्याकडे आहे असं तुमच्याच मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्याला दिसलं, तर मतदान घ्यावंच लागतं, आणि दोन मतदानांत किमान सात वर्षांचं अंतर हवं. अट मोघम आहे, 'दिसलं' म्हणजे किती ते सांगितलेलं नाही. तरी दार आहे हे माहीत आहे. त्याच वर्षीच्या गुड फ्रायडे करारात तिथल्या माणसाला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घ्यायचा जन्मसिद्ध हक्क मान्य केला आहे. 'दोन्ही' हा शब्द तुमच्या सरकारला नवा नाही.

२०१६ मध्ये मी ब्रिटिश नागरिक झाले. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे जुना निळा पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागला. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नव्हते. राणीची शपथ घेतली, प्रमाणपत्र मिळालं. स्कॉटिश होण्याचा मात्र ना अर्ज, ना फी, ना परीक्षा. कधी झाले ते मलाही सांगता येणार नाही. जनगणनेत मी तीन खुणा केल्या: स्कॉटिश, ब्रिटिश, आणि 'इतर'मध्ये भारतीय. त्यातली एकही कुणाला उसनी द्यायची नाही.

तेव्हा मागणी एकच. स्कॉटलंडमध्ये पुन्हा सार्वमत कोणत्या अटीवर होईल, ते संसदेत लेखी मांडा. होलीरूडमधलं, म्हणजे स्कॉटिश संसदेतलं, बहुमत धरा, मतांची टक्केवारी धरा, किती वर्षांचं अंतर हवं ते धरा. अट कडक असली तरी चालेल. पुढच्या वेळी मी काय मत देईन ते विचारू नका, भित्री असले तरी तेवढं गुपित मला ठेवता येतं.

उत्तर कृपया टपालानेच पाठवावं. शेजारच्या आजींना वाचून दाखवायचं आहे, आणि ईमेलवर आलेलं त्या खरं मानत नाहीत.

आपली,
ग्लासगोमधली एक मतदार