घरच्या बियाण्याला तणनाशकाची बाधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरीप तोंडावर आला की सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवण तपासण्याचे आवाहन कृषी विभाग करतो, आणि ते योग्यच आहे. २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याने मराठवाड्यातील अनेकांना दुबार पेरणी करावी लागली होती. मात्र कमी उगवणीची कारणे सांगताना काढणीच्या वेळचा पाऊस आणि मळणीयंत्राचे वाढलेले फेरे यांवरच चर्चा थांबते. उभ्या पिकावर शेवटी काय फवारले होते, हे विचारले जात नाही.

मजूर मिळत नाहीत आणि हिरवे तण हार्वेस्टरमध्ये अडकते, म्हणून काही शेतकरी काढणीआधी ग्लायफोसेट मारतात. हे आंतरप्रवाही तणनाशक पानांतून अन्नरसाबरोबर वाहते, आणि दाणे भरत असताना हा ओघ शेंगांकडे असल्यामुळे पक्वतेआधी फवारणी झाल्यास ते दाण्यातही उतरते. आवश्यक अमिनो आम्ले तयार करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) काम ते रोखते, त्यामुळे पुढच्या हंगामात त्या दाण्याच्या कोंबालाही झळ बसते. दाणा दिसायला टपोरा असतो, कधी मोडही येतो, पण मूळ आखूड राहते आणि उपमुळे फुटत नाहीत. असे रोप पावसाचा पहिला खंडही सोसणार नाही.

म्हणून गोणपाटात ठेवलेल्या १०० दाण्यांपैकी कितींना मोड आले, एवढेच मोजणे अपुरे आहे. प्रयोगशाळेत सोयाबीनची अंतिम मोजणी आठव्या दिवशी होते आणि ७० टक्क्यांच्या किमान निकषात फक्त सुदृढ रोपे धरली जातात. गावोगावच्या प्रात्यक्षिकांतही मुळे पाहूनच मोजणी करण्यास शिकवावे.

वास्तविक आपल्याकडे ग्लायफोसेटला मान्यता आहे ती चहामळे व बिगरपीक क्षेत्रासाठी, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे. तरीही ते सोयाबीनच्या रानात पोहोचते, ही गंभीर बाब आहे. शिवाय घरचे बियाणे घरातच राहत नाही. ते सोयऱ्याधायऱ्यांकडे जाते आणि घेणाऱ्याला फवारणीची काहीच कल्पना नसते.

बियाण्यासाठी राखलेल्या पट्ट्यात काढणीपूर्वी तणनाशक मारू नये, तेथील तण खुरप्यानेच काढावे, ही सूचना परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने व कृषी विभागाने यंदा पेरणीपूर्व मेळाव्यांतून ठळकपणे द्यावी, ही विनंती.

– एक सोयाबीन उत्पादक, जि. लातूर