काट्यावर ठेवलेलं दप्तर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझं गोव्यात साखळी गावी छोटंसं किराणा दुकान आहे. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर माझी मुलगी, सहावीत आहे, दोनतीन दिवस खांदा चोळत होती, मी म्हटलं खेळताना काही लागलं असेल. मग एकदा शाळेतून येताना दुकानात थांबली, दप्तर उचलून बाजूला ठेवायला गेलो तर माझ्याच हाताला कळ आली. म्हटलं बघू तरी आणि सरळ काट्यावर ठेवलं. सहा किलो चारशे ग्रॅम! पोरीचं वजन एकतीस किलो, म्हणजे पाचवा हिस्सा ती रोज पाठीवर घेऊन तिठ्यापर्यंत चालते.

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून एकेक वस्तू काढून तोलत गेलो. स्टीलची बाटली, पाण्यासकट एक किलो तीनशे (त्या दिवशी पाणी प्यायलीच नव्हती), डबा साडेचारशे, रेनकोट चारशे, नुसती रिकामी बॅग साडेआठशे. झाले तीन किलो आणि अजून एक पुस्तक बाहेर काढलं नव्हतं! मग पुठ्ठ्याच्या दोनशे पानी वह्या, क्लासवर्कची वेगळी होमवर्कची वेगळी. त्यातल्या तीन वह्यांचा त्या दिवशी तासच नव्हता, मग आणल्या कशाला विचारलं तर म्हणे "सर कधी मागतील सांगता येत नाही, नसली तर उभं करतात."

केंद्राचं २०२०चं स्कूल बॅग धोरण आहे, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत पाहिजे, सहावी सातवीला दोन ते तीन किलो. शाळेत वजनकाटा ठेवा, चांगलं पाणी शाळेनेच द्या म्हणजे बाटली आणावी लागणार नाही, हेसुद्धा लिहिलंय. पुस्तकावर वजन छापावं असंही आहे, हे मला दुकानदार म्हणून फार आवडलं, बिस्किटाच्या पुड्यावर छापतात मग पुस्तकावर का नको. आणि १९९३ साली यशपाल समितीनेही दप्तराच्या ओझ्यावर बोट ठेवलं होतं, तेव्हा मी स्वतः शाळेत होतो.

डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दप्तरामुळे कणा कायमचा वाकडा होतो असं लोक म्हणतात पण तसं सिद्ध झालेलं नाही, घाबरू नका, मात्र मान, खांदे, कंबर दुखणार, स्नायूंवर ताण येतो. पोरगी पट्टा एकाच खांद्यावर अडकवते कारण सगळ्या मैत्रिणी तसंच करतात, त्यामुळे शरीर एका बाजूला झुकतं. दोन्ही पट्टे घ्यायचे, रुंद आणि गादीचे, जड पुस्तकं पाठीला लागून ठेवायची, बॅग कमरेच्या खाली लोंबता कामा नये. आमची तर पार ढुंगणावर आपटत होती, पट्टे आवळले तसा चालण्यातच फरक दिसला. चाकाची बॅग घ्या असं शेजारची वहिनी म्हणाली पण जिन्यावरून ती कोण चढवणार, आणि पावसात आमच्या वाटेवरच्या चिखलातून तर नाहीच.

आता मी रोज रात्री टाइमटेबल बघून दप्तर भरून घेतो, वजन चार किलोच्या आत आलंय. पण त्याखाली मला नेता येत नाही. शाळेतल्या नळाच्या पाण्यावर आमचा कुणाचा भरवसा नाही म्हणून बाटली सुटत नाही, आणि वर्गात कपाट नाही म्हणून वह्या सुटत नाहीत. ही दोन कामं शाळेची. पालक मीटिंगला मी हे बोललो तर एक जण हसून म्हणाले आम्ही पण उचललीच की दप्तरं. उचलली हो, पण आमच्या वेळी पिशवीत दोन पुस्तकं आणि एक पाटी असायची!

धोरणातला तो वजनकाटा आमच्या शाळेत मला अजून दिसलेला नाही. माझ्या दुकानात एक जुना इलेक्ट्रॉनिक काटा पडून आहे, तीस किलोपर्यंत बरोबर दाखवतो. शाळेला पाहिजे असेल तर चार्ज करून स्वतः आणून देतो.

आपला,
एक पालक, साखळी