जीन्सच्या खिशातलं अर्धं पाकीट

सांगली
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. पिंट्या यास आईचे अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवरच लिहिणार होते. पण संध्याकाळी माझा फोन तुझ्या बाबांच्या हातात असतो आणि त्यांचं बोट कुठं लागून काय कुणाला जाईल याचा नेम नाही. गेल्या महिन्यात माझा साखरेचा रिपोर्ट त्यांनी भिशीच्या ग्रुपवर टाकला. म्हणून कागद. भडंगाच्या पिशवीखाली ठेवलाय. रूमवरच्या पोरांनी डबा उघडायच्या आत तूच उघड.

तू गेलास त्या दिवशी तुझी निळी जीन्स धुवायला घेतली. मी खिसे बघूनच कपडे भिजवते, हे तुला माहीत असायला हवं होतं. आत अझिथ्रोमायसिनचं पाकीट निघालं, तीनातली एक गोळी शिल्लक. सोबत चेपलेली मलमाची ट्यूब. डॉक्टरची चिठ्ठी नाही, मेडिकलवाल्यानं कागदी पुडीवर पेनानं खुणा करून दिलेल्या. या गोळ्या घसा धरल्यावरही देतात, नाही असं नाही. पण घशाला कुणी मलम लावत नाही.

काय झालंय, कुणामुळं, कधी, हे मी विचारणार नाही. तू चोवीस वर्षांचा होशील आता. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त आणि पू बघण्यात गेली माझी. लोकांच्या पोरांना समोर बसवून सगळं सांगितलं आणि स्वतःच्या पोराला दहावीत 'सांभाळून राहा' एवढंच म्हणाले. काय सांभाळायचं ते तू विचारलं नाहीस, मीही सुटले.

आधी मलमाचं. जांघेत खाज, गोल चट्टा, कडेला लाल असं असेल तर तो साधा नायटा असू शकतो. घट्ट जीन्स, घाम, दमट हॉस्टेल. तो गुप्तरोग नव्हे आणि तू उगाच रात्र रात्र जागत असशील. पण तुझ्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. त्यानं खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत निवांत पसरते आणि मलम सोडलं की दुप्पट उसळते. ती ट्यूब मी केरात टाकली. नवी घेऊ नकोस.

आता दुसरी शक्यता. लघवीला जळजळ, पुढून पू किंवा चिकट पाणी. त्याला आपल्याकडं परमा म्हणतात. संबंधानंतर बहुतेक दोन ते सात दिवसांत दिसतो. तो पू काचेवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी जंतू जोडीजोडीनं दिसतात, राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तसे. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी आजूबाजूच्या सगळ्यांना बोलावून दाखवले होते. दिसायला सुंदर, पण भारी बेरकी. सल्फा आलं, ते पचवलं. पेनिसिलिन पचवलं, टेट्रासायक्लिन पचवलं, सिप्रोफ्लॉक्सासिनही पचवलं. आता त्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनचं इंजेक्शन लागतं. काउंटरवरच्या गोळ्या, त्यातही एक शिल्लक ठेवून, म्हणजे त्याला तालमीत घालून खुराक देण्यासारखं आहे. जळजळ कमी झाली म्हणून तू पाकीट खिशात ठेवलंस ना? मला वाटलंच.

आणि फोड किंवा जखम असेल तर नीट वाच. जखम दुखत असेल तर माणूस घाबरून डॉक्टरकडं जातो. गरमीची, म्हणजे सिफिलिसची पहिली जखम दुखतच नाही. सरासरी तीन आठवड्यांनी उठते, कधी दहा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. औषध घ्या, नका घेऊ. एसटी स्टँडच्या मुतारीत 'गुप्तरोग, सात दिवसांत खात्रीशीर इलाज' अशा पाट्या चिकटवणाऱ्यांचं पोट यावरच चालतं. त्यानं राख दिली, जखम गेली, पाटीवाला धन्वंतरी ठरला. जंतू मात्र रक्तात. पुढं कधीतरी तळहाता-तळपायावर पुरळ येतं, तेही जातं. मग वर्षानुवर्षं शांतता, आणि नंतर काहींच्या हृदयावर, मेंदूवर वार. भावप्रकाश या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात याला फिरंग रोग म्हटलंय, फिरंग्यांबरोबर आला म्हणून. आपल्याकडं असा रोग नव्हताच, ही समजूत तेव्हापासूनची.

त्याची तपासणी व्हीडीआरएल. हजारो केल्या मी. गंमत म्हणजे ती जंतू शोधतच नाही. गुराच्या हृदयातून काढलेला कार्डिओलिपिन नावाचा पदार्थ रक्ताच्या पाण्यात मिसळायचा, काच चार मिनिटं फिरवायची आणि गुठळ्या होतात का बघायचं. गुठळ्या कधी मलेरियानं होतात, कधी गरोदरपणात. म्हणून पॉझिटिव्ह आलं तर लगेच छाती पिटायची नाही, टीपीएचए ही दुसरी रक्ततपासणी करून खात्री करायची. आणि खरंच निघालं तर औषध जुनंच आहे. १९४३ पासून सिफिलिसला पेनिसिलिन देतात आणि हा जंतू अजून त्याला सरावलेला नाही. रोग सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर चोवीस लाख युनिटचं एकदाच इंजेक्शन, बहुतेक वेळा दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. दोन दिवस बसताना आई आठवेल, एवढंच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती काहीच न दिसणाऱ्यांची. क्लॅमिडिया त्यातला. बहुतेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांना कळतही नाही. आमच्याकडं एक जोडपं यायचं, खरं तर नुसती बाईच यायची. तासगावकडची, लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. सासू बरोबर यायची आणि बाकड्यावर बसून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलायची. पोटात दुखतं, अंगावरून जातं, औषध घेतलं की बरं, महिन्यानं परत तेच. डॉक्टर दर वेळी नवऱ्याला आणायला सांगायचे. तो गेटपर्यंत यायचा आणि चहाच्या टपरीवर थांबायचा. शेवटी आला तेव्हा तिच्या नळ्या बंद झाल्या होत्या. वांझ म्हणून नाव तिचं झालं. म्हणून सांगते, तुझं काही निघालं तर जिच्याशी संबंध आला तिला सांगायचं. तिनंही त्याच वेळी औषध घ्यायचं आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध टाळायचे. एकट्यानं घेतलं तर चेंडू इकडून तिकडं. तिला काय वाटेल याचा विचार करत बसू नकोस. तिला कळणार नाही याचा कर.

एचआयव्हीचं लिहिताना मात्र मला तू पहिलीत असतानाचं एक वर्ष आठवतं. एका पॉझिटिव्ह पेशंटचं रक्त घेताना सुई माझ्या बोटात घुसली. साबण-पाण्यानं हात धुतला, दोन तासांच्या आत पहिली गोळी घेतली आणि पुढं अठ्ठावीस दिवस त्या गोळ्या. तोंडाची चव गेली, सकाळी उलट्या. शेजारच्या काकूंना वाटलं तुला भावंड येतंय. सुईतून लागण व्हायची शक्यता हजारात तीन, हे मला पाठ होतं. एका ताटात जेवल्यानं, डासानं, संडासातून काही होत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा लोकांना सांगायचे. आणि घरी येऊन मी माझं ताट आणि कप वेगळा केला. तू माझ्या ताटातला घास मागितलास की मी हात मागं घ्यायचे. तू रडायचास, आई उष्टं का देत नाही म्हणून. सहा महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्या दिवशी तुला मांडीवर घेऊन माझ्या ताटात जेवायला घातलं, आणि तू म्हणालास, मला भूक नाही.

माहिती असूनही भीती कशी वाटते, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही घड्याळ लक्षात ठेव. कंडोम फाटला किंवा नव्हताच, आणि धोका वाटतोय, तर बहात्तर तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन पीईपी, म्हणजे मी घेतल्या तशा लागण टाळायच्या गोळ्या, मागायच्या. जितक्या लवकर तितकं बरं. नंतर गेलास तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. तपासणीही दुसऱ्याच दिवशी करून निगेटिव्ह आली म्हणून उड्या मारायच्या नाहीत. रक्तात दिसायला वेळ लागतो, तीन महिन्यांनी परत करायची. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, ती फुकट होते, तुझ्या संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. २०१७ चा कायदाच आहे तसा. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन केलास तर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि कुणी पॉझिटिव्ह निघालाच, तर २००४ पासून सरकारी औषध मोफत आहे. रोज नेमानं घेऊन विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

तेव्हाची सांगली तुला माहीत नाही. नव्वदच्या दशकात या रोगासाठी आपल्या जिल्ह्याचं नाव घ्यायचे. सोयरीक जमवताना लोक दबक्या आवाजात चौकशी करायचे. आणि बोट दाखवायचे गोकुळनगरकडं, धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्तीकडं. १९९२ पासून संग्राम संस्थेनं तिथं काम सुरू केलं आणि १९९६ मध्ये त्याच बायकांनी स्वतःची संघटना काढली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. कंडोम त्याच एकमेकींत वाटायच्या. मी लॅबमध्ये बघितलंय, तपासणीला वेळेवर, तोंड न लपवता कोण येतं. पांढरे कपडे आणि गॉगल घालून मागच्या दारानं येणारे कोण, तेही बघितलंय. त्यातले दोन-तीन तुझ्या मुंजीत जेवून गेलेत.

कंडोमबद्दल थोडकंच. पाकिटात, पँटच्या मागच्या खिशात महिनोन्‌महिने ठेवू नकोस, उष्णतेनं खराब होतो. तारीख बघ. खोबरेल तेल कधीही नाही, तेलानं रबर फाटतं. आणि त्यानं सगळं झाकलं जात नाही. हर्पिस, सिफिलिस, एचपीव्ही उघड्या राहिलेल्या कातडीतूनही लागतात. परमा घशातही होतो. कसा, ते मी लिहिणार नाही, तू शिकलेला आहेस.

एचपीव्हीची लस मुलांनाही घेता येते, तुझ्या वयाला तीन डोस. डॉक्टरांना विचार, पैसे मी पाठवते. हाच विषाणू पुढं बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करतो. ताईच्या छकुलीला नववं लागलं की तिलाही देणार आहोत. पुण्याच्या सीरमची आहे, २०२३ पासून मिळते. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा पोरीला असली लस कशाला? मी म्हटलं, एवढीशी असतानाच जास्त चांगली लागू पडते. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

तर सोमवारी अर्धा दिवस रजा टाक. मोठ्या सरकारी दवाखान्यात त्वचा व गुप्तरोग विभाग असतो, सुरक्षा क्लिनिक अशी पाटी बघ. मेडिकलवाल्यानं काय दिलं, किती गोळ्या घेतल्या, हे डॉक्टरांना खरं सांग. व्हीडीआरएल, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, तिन्ही रक्तं एकदम दे. हिपॅटायटिसचे तीन डोस तुला लहानपणी दिलेत, कार्ड या पत्रासोबत आहे. कडेला हळद लागलीय, पण तारखा वाचता येतात.

रिपोर्ट मला सांगितलास तर बरं वाटेल. नाही सांगितलास तरी चालेल, नुसतं 'जाऊन आलो' एवढं लिही. ग्रुपवर नको, मला एकटीला. बाबांना यातलं काही माहीत नाही. ते सध्या इन्व्हर्टरच्या मागं लागलेत.

चकल्या यंदा जरा मऊ पडल्यात, आधी त्या संपव. आणि रिकामे डबे पाठव, दिवाळीच्या आधीचे दोन अजून तिकडंच आहेत.

तुझी आई