बेसिन म्हणजे कचराकुंडी नव्हे

महोदय,

प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या की अनेक महाविद्यालयांत उरलेली रसायने बेसिनमध्ये ओतून वर नळ सोडला जातो. इथे गावेच्या गावे बोअरवर तहान भागवतात. शोषखड्ड्यातून भूजलात क्रोमियमसारखा विषारी धातू जिरवणे मराठवाड्याला परवडणारे नाही.

डायक्रोमेटच्या (क्रोमियमच्या नारिंगी क्षाराच्या) द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, २ ते ३ ठेवून सोडियम बायसल्फाइट घालावे. नारिंगी जाऊन हिरवा रंग आला की अतिविषारी षट्संयुजी क्रोमियम कमी घातक त्रिसंयुजी झाले. मग चुन्याने पीएच ८ ते ९ वर नेल्यास गाळ बसतो. हा गाळही घातक कचराच, उकिरड्यावर टाकायचा नाही.

टॉलेन्स अभिकर्मक (अल्डिहाइड ओळखण्यासाठीचे सिल्व्हर नायट्रेट व अमोनियाचे द्रावण) साठवूच नये, त्यात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड तयार होते. त्याच दिवशी विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करावा. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एका कॅनमध्ये नकोत. त्यात अल्कलीचा अंशही भडका उडवायला पुरतो. नायट्रिक आम्लात अल्कोहोल गेले तर वायू साचून बाटली फुटते. कॅन तीन-चतुर्थांशच भरावा, आपल्याकडच्या ४२ अंशांत तर नक्कीच.

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार साठा साधारणपणे ९० दिवसच ठेवता येतो. दोन कॅनसाठी रांजणगावच्या (जि. पुणे) घातक कचरा प्रक्रिया केंद्रापर्यंत गाडी पाठवणे एकट्या महाविद्यालयाला जमत नाही, हे मान्य. विद्यापीठांनी जिल्हावार एकत्रित वाहतूक ठरवावी. खर्च प्रयोगशाळा शुल्कातून भागवावा.

– रसायनशास्त्राचे काही शिक्षक, लातूर