पोरगी हिंडलग्याला

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "डॉक्टर व्हायला धाडली नि पोरगी हिंडलग्याला!" हसलात, पण आवाज नेहमीचा नव्हता. आपल्या बेळगावकडं हिंडलग्याला जाणं म्हणजे जेलात जाणं, हे मलाही ठाऊक आहे की. पण आजोबाही १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्ध तिथंच राहून आले होते. आता त्यांची नात त्याच जेलसाठी मराठीबरोबर कन्नडातही आरोग्याचे तक्ते लिहितेय. असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

आई, भिऊ नकोस. कॉलेजचे सर सोबत असतात, मोबाईल बाहेर जमा करतो.

पहिला तक्ता खरजेचा केला. पुस्तकातलं सगळं उतरवलं: कपडे गरम पाण्यात धुवा, रोग्यानं वेगळं झोपावं. खानापूरकडचे एक कच्चे कैदी, बाबांच्याच वयाचे, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "डॉक्टरबाई, गरम पाणी कुठलं? आणि वेगळी खोली इथं शिक्षा म्हणून मिळते. हे वाचून खाज आहे असं कोण सांगेल?"

आम्ही सहा विद्यार्थी नुसते एकमेकांकडं बघत राहिलो.

मग त्यांच्यासोबत बसूनच नवा तक्ता केला. एकट्यानं मलम लावून भागत नाही. बराकीतल्या सगळ्यांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री मानेपासून तळव्यापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. खरजेचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांवर टिकत नाही, म्हणून चादरी तीन-चार दिवस पिशवीत बांधून ठेवायच्या. (तेवढे दिवस पांघरायचं काय, हेही त्यांनीच विचारलं. जादा चादरींसाठी सरांनी अर्ज दिलाय.) बरं झाल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते, ही ओळ त्यांनी मोठ्या अक्षरांत घ्यायला लावली, नाहीतर लोक म्हणतील औषधच खोटं.

पुढचा तक्ता क्षयाचा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायची, औषध फुकट मिळतं, पण बरं वाटलं तरी सहा महिने सोडायचं नाही. आमचं कन्नड मात्र फार पुस्तकी झालंय, आत कुणी हसल्याशिवाय राहत नाही. बाबा, तुमचं कंडक्टरकीचं कन्नड पाहिजे. हेच गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत ओरडून सांगायचं झालं तर कसं सांगाल, तसंच लिहून ठेवा. रविवारी फोन करते.

तुमची,
माई