उंदरांच्या मेंदूवरून सुनेचा हिशोब

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या मातृदिन विशेष पुरवणीतला 'बुद्धी आईचीच!' हा लेख वाचला. लेखकाने केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून उंदीर उचलले, उंदरांवरून माकड गाठलं, माकडावरून माणूस, आणि पोराच्या प्रगतिपुस्तकाचं श्रेय कोणाला द्यायचं हे आता विज्ञानानेच सांगितलं, असा निकाल देऊन मोकळे झाले. शेजारी गुलाबी मेंदू आणि त्यातून उगवलेलं कमळ. छपाई मात्र सुरेख होती.

एरवी मी हसून पान उलटलं असतं. जन्मभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, याहून अचाट उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. पण संध्याकाळच्या आत त्या लेखाचं कात्रण माझ्या भाचीच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचलं. टाकणारे तिचे चुलत सासरे. खाली एवढंच लिहिलेलं, 'सगळ्यांनी वाचा. म्हणजे आमच्या घराण्यात काही नव्हतं.' त्यावर कोणीतरी जोडलेले हात टाकले, कोणीतरी अंगठा.

भाचीच्या मुलाला अँजेलमन सिंड्रोम आहे. बोलत नाही, हात वर धरून डुलत चालतो, झोप कमी, अधूनमधून फिट येते. आणि हसतो, भरपूर हसतो. पाण्याचं वेड आहे त्याला. माझ्याकडे आला की न्हाणीघरात नळाखाली बादली लावून द्यायची. ती भरून काठावरून पाणी सांडायला लागलं की दोन्ही हात फडफडवत असा खिदळतो की शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, ''आज पाहुणे आलेत वाटतं?'' मग बादली उपडी करायची आणि पुन्हा लावायची. पाणीपट्टी वाढते. वाढू दे.

त्याच्या तपासणीत निघालं ते असं, की १५व्या गुणसूत्राची जी प्रत आईकडून आली तिच्यातला एक तुकडा गळालेला आहे. त्या तुकड्यात यूबीई३ए नावाचं जनुक असतं. मेंदूतल्या चेतापेशींमध्ये त्याची वडिलांकडची प्रत गप्प असते. काम करते ती फक्त आईकडची. तीच गेली तर मदतीला दुसरी नाही. अँजेलमनच्या दहातल्या सातेक मुलांमध्ये असा तुकडा गळालेला आढळतो, आणि तो बहुतेक वेळा बीजांड तयार होतानाच, नव्याने गळालेला असतो. आईच्या स्वतःच्या पेशी तपासाव्यात तर दोन्ही प्रती ठणठणीत. म्हणजे 'आमच्या घराण्यात काही नव्हतं' हे चुलत सासऱ्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फक्त ते तिच्या माहेरच्या घराण्यालाही तितकंच लागू आहे.

हे सगळं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर गुणसूत्रांच्या काड्या काढून समजावलं होतं. भाचीने तो कागद सासरी नेऊन दाखवला, हळूहळू टोमणे थांबले, विषय निवला. आपल्या पुरवणीने तो एका दुपारीत उकरून काढला. रात्री तिचा फोन आला. ''मावशी, छापून आलंय म्हणजे काहीतरी असेलच ना गं?'' शिकलेली मुलगी आहे, बँकेत अधिकारी आहे. तरी हा प्रश्न. छापील अक्षराचं वजन आपल्याला मी सांगायला नको.

तोच तुकडा वडिलांच्या बाजूने गळाला तर मुलाला प्रॅडर-विली सिंड्रोम होतो. बाळ लुळं असतं, धड अंगावर पीत नाही, आणि पुढे मोठं होताना भूक अशी लागते की घरच्यांना फडताळांना कुलपं लावावी लागतात. त्या बापांच्या खानदानाची चौकशी करणारा लेख पितृदिनाला येणार असेलच. जून फार लांब नाही, वाट बघते.

आता उंदीर. ते खरे आहेत. १९८४ साली केंब्रिजला अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियाला मॅक्‌ग्राथ व सॉल्टर यांनी दाखवलं, की उंदराच्या गर्भाला जनुकांचे दोन्ही संच आईचे दिले किंवा दोन्ही बापाचे दिले तर तो तगत नाही. पहिल्यात गर्भाला पोसणारी वार खुरटी राहते, दुसऱ्यात वार वाढते आणि गर्भच नीट वाढत नाही. काही जनुकांवर आईचा किंवा बापाचा ठसा असतो, म्हणजे ते कोणाकडून आलं त्यावर चालणार की गप्प बसणार हे ठरतं, ते असं कळलं. पुढे १९९६ साली बॅरी केव्हर्न, सुरानी आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या पेशींत एकाच पालकाच्या जनुकांच्या पेशी मिसळून उंदीर तयार केले. नुसत्या मातृक जनुकांच्या पेशी मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे विचार करणाऱ्या वरच्या थरात, गोळा झाल्या, नुसत्या पितृक जनुकांच्या पेशी भूक-तहान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये आणि त्याच्या आसपास. त्यावरून केव्हर्न यांनी मांडलं, की प्राइमेट गणात, म्हणजे माकडं-माणसांच्या गोतावळ्यात, बाह्यक वाढत गेलं त्यात मातृक जनुकांचा हात असावा. देखणी कल्पना आहे. मी अजून वर्गावर असते तर नक्की सांगितली असती.

पण असे दोन मातृक संच घेऊन निसर्गात कोणी सस्तन प्राणी जन्माला येत नाही. साध्यासुध्या उंदराच्या, आणि आपल्या लेखकाच्याही, बाह्यकातल्या पेशींमध्ये आईचा आणि वडिलांचा असे दोन्ही संच असतात. वीसेक हजार जनुकांपैकी असा ठसा फारच थोड्यांवर असतो, बाकीच्यांना कोण आई आणि कोण बाप याचं सोयरसुतक नसतं. शिवाय हा ठसा दर पिढीत पुसून नव्याने उमटतो. बाईला तिच्या वडिलांकडून मिळालेलं जनुक ती मुलाला देते तेव्हा त्यावर आईचा ठसा असतो. 'आईचीच' म्हणून ज्याचं कौतुक झालं ती प्रत आईच्या वडिलांची असू शकते. ते घराणं कुठलं धरायचं, चुलत सासऱ्यांनी ठरवावं.

याहून मजा पुढे आहे. १९९९ साली सुरानी-केव्हर्न यांच्याच गटाने पेग३ नावाचं जनुक निकामी केलं, तर उंदरीण धड घरटं बांधेना, पिल्लं तोंडात धरून परत आणीना, पान्हाही नीट सुटेना. हे जनुक चालतं ते वडिलांकडून आलेलं. म्हणजे आईची माया तिच्या बापाकडून आली, असं म्हणायची पाळी! मातृदिनाच्या पुरवणीत ही गोष्ट का नसावी, हे समजू शकते. २०१६ साली दुसऱ्या गटाने तेच जनुक वेगळ्या पद्धतीने बंद केलं, तेव्हा आया व्यवस्थित पिल्लं सांभाळत होत्या. विज्ञान असं चालतं, दोन पावलं पुढे, एक मागे. मागे आलेल्या पावलाची बातमी मात्र कधी पुरवणीत दिसत नाही.

लेखातलं 'बुद्धीची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात' हे वाक्य तर दहावीच्या पोरानेही खोडलं असतं. मुलीला एक एक्स बापाकडूनच मिळतो. आणि बुद्धी असल्या एखाद्या गुणसूत्रावर ठेवलेली नसते.

आता लिहितेच आहे तर आणखी एक. शाळांमधल्या बंद पडलेल्या प्रयोगशाळांबद्दल मी मागे आपल्याला सविस्तर पत्र पाठवलं होतं. आपण ते छापलंत, आभारी आहे. पण प्रयोगशाळांबद्दलचा सगळा मजकूर गाळून 'आपली रविवार पुरवणी वाचनीय असते' एवढंच वाक्य ठेवलंत, आणि खाली गावही चुकीचं घातलंत. ओळखीच्या लोकांनी फोन करून विचारलं, घर बदललं का.

तेव्हा विनंती अशी. लेखाबद्दलचा खुलासा पुरवणीतच, त्याच पानावर, वाचता येईल अशा टायपात यावा. राशिभविष्याखालच्या चौकटीत नको. आणि हे पत्र छापताना जागा कमी पडली तर उंदीर खुशाल काढा, कमळाबद्दलचं वाक्यही काढा. १५व्या गुणसूत्राचा परिच्छेद मात्र आहे तसाच राहू द्या.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका
(भाचीच्या घरची गोष्ट असल्याने नाव व गाव छापू नये.)