बाबांचा डबा आणि तुझी कादंबरी

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली प्रकरणं वाचली. लालबागची चाळ, नळावरची भांडणं झकास उतरलीत. पण संपात नायकाचा बाप ढसाढसा रडतो, ते काही पटलं नाही. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, तेव्हा तू झालाही नव्हतास. तुझे बाबा रडले नाहीत. मिल बंद, तरी रोज सकाळी उठून ते जेवणाचा रिकामा डबा घासायचे, पुसून फळीवर ठेवायचे. मी म्हटलं, "अहो, वापरला कुठे?" तर म्हणाले, "भोंगा झाला की शोधाशोध नको." त्या रडारडीपेक्षा हा डबा घे.

आणि तो बापाच्याच हाती द्यायला हवा असंही नाही. इंग्रज कादंबरीकार डिकन्सचे वडील 1824 मध्ये कर्जापायी तुरुंगात गेले. बारा वर्षांचा पोरगा कारखान्यात बूटपॉलिशच्या बरण्यांवर लेबलं चिकटवत होता. त्याच्या कादंबरीचा नायक डेव्हिड कॉपरफील्ड दारूच्या बाटल्या धुतो. वडिलांचा कर्जबाजारीपणा मात्र नायकाच्या बापाला न देता डिकन्सनं मिकॉबर नावाच्या घरमालकाला दिला. डेव्हिडचा बाप तर पोराच्या जन्माआधीच गेलेला! आपण डबा शेजारच्या एखाद्या खोलीत नेला तर काय बिघडलं?

आत्याचं तेवढं बघ. नुसतं नाव बदललं की माणूस बदलला, असं तुम्हा लेखकांना का वाटतं कोण जाणे. तपकिरीची डबी तीच, सासर सोडून आल्याची हकिगत तीच. तळमजल्यावरचं पोरही ओळखेल. ती आजही त्याच चाळीत राहते रे. हवं तर तिचा काका कर, नाहीतर उचलून खानदेशात ने. नेमाड्यांनी 'कोसला'त आपल्या सांगवी गावावरून नायकाला पांडुरंग सांगवीकर केलं. पुस्तक 1963 चं, पण अजून लोक पांडुरंग म्हणजे नेमाडेच धरून चालतात. तो ताप त्यांनी स्वतःच्या डोक्याला लावून घेतला. तूही स्वतःबद्दल वाट्टेल ते लिही.

मला मारायचं असेल तर खुशाल मार, डेव्हिडचीही आई मरते. फक्त मरताना माझ्या तोंडी घातलेलं ते पानभर भाषण काढ. एवढं मी जन्मात कधी सलग बोलले नाही, तुझ्या बाबांनी बोलू दिलं तर ना!

पुढचं प्रकरण पाठवशील तेव्हा अक्षर जरा मोठं ठेव.

तुझी,
आई